बडोद्याचे पाहुणे, बडोद्याचे प्रवासी

परदेशी रेसिडेन्सीसाठी, म्हणजे परक्या ठिकाणी काही काळ राहून काम करण्याच्या संधीसाठी, अर्ज करणारे तरुण चित्रकार आणि तिकडून येऊन काही आठवडे राहणारे पाहुणे कलावंत आज बडोद्याला नवे नाहीत. कलावंताला बोलवायचे, जागा आणि सवड द्यायची, ही इथली रीत गायकवाडी अमदानीपासूनची आहे.

1888 साली सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याला लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी 14 पौराणिक चित्रे सांगितली. देशभर चालेल असा पेहराव शोधत तो आधी उत्तरेत हिंडला. शेवटी त्याच्या कितीतरी नायिका नेसल्या ते आपले नऊवारी लुगडे! केरळच्या चित्रकाराने घडवलेल्या देवीदेवतांच्या रूपात मराठी मुलखाचा एवढा वाटा आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. 1890च्या दशकात इटालियन शिल्पकार फेलिची इथे येऊन राहिला. राजवाड्यातली त्याची शिल्पे अजून पाहायला मिळतात. उलट दिशेचा प्रवासही दरबाराच्याच पैशांनी व्हायचा. 1913 साली आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

संस्थान विलीन झाले आणि 1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकला विभाग नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आला. बेंद्रे मूळचे इंदूरचे, तिथले चित्रकलाशिक्षक देवळालीकर मास्तरांच्या तालमीतले. बडोद्याला येण्याआधी ते शांतिनिकेतनात राहून आले होते, अमेरिका-युरोपही पाहून आले होते. पाहिलेले सगळे त्यांनी वर्गात मोकळेपणाने मांडले. घनवादाशी, म्हणजे वस्तूंचे भौमितिक आकार करून मांडणाऱ्या क्युबिझमशी, झटापट करत त्यांनी रंगवलेल्या ‘काटा’ या चित्राला 1955 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांचे विद्यार्थी ज्योती भट्ट यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. 1961-62 मध्ये ते नेपल्सला होते, 1964 ते 1966 अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून छापण्याचे तंत्र त्यांनी तिकडे पक्के केले आणि परतल्यावर विद्यार्थ्यांना हातचे न राखता शिकवले. बडोद्याचे मुद्राचित्रण, म्हणजे अशी चित्रे छापण्याची कला, देशात नावाजले गेले त्यात या शिकवण्याचा मोठा हात आहे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. 1967पासून कॅमेरा घेऊन ते खेड्यापाड्यांत फिरू लागले. बायकांनी सारवलेल्या भिंतींवर काढलेली चित्रे, रांगोळ्या, गोंदणे त्यांनी टिपली. त्यांतल्या कित्येक भिंती पुढे सिमेंटने लिंपल्या गेल्या. न्यूयॉर्कहून आलेल्या माणसाने आपल्याच अंगणाकडे इतक्या आस्थेने पाहावे, याहून मोठे फळ कोणत्या रेसिडेन्सीला मिळणार!

भूपेन खख्खर यांचा प्रवास निराळा. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रे काढणारा हा माणूस 1979 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ अकादमीत शिकवायला गेला आणि चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांच्याकडे राहिला. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष तिथे उघडपणे जगताना त्यांनी पाहिले. परतल्यावर 1981 मध्ये ‘यू कांट प्लीज ऑल’ रंगवले: गच्चीत उघडा उभा माणूस, खाली बाप, मुलगा आणि गाढवाची जुनी गोष्ट. आपल्याबद्दलचे सत्य त्यांनी तिथे पहिल्यांदा एवढ्या ठसठशीतपणे मांडले. हे चित्र आज लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे.

या सगळ्यामागे पैसा कोणाचा होता, तेही पाहायला हवे. आधी दरबाराचा, मग शीतयुद्धाच्या काळात मित्र जोडू पाहणाऱ्या सरकारांचा आणि रॉकफेलरसारख्या निधींचा. पुढे कलावंतांनीच पुढाकार घेतला. 1997 मध्ये दिल्लीच्या ‘खोज’ या कलावंतांच्या संस्थेने जवळच्या मोदीनगरला आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरवली, तर 1999 मध्ये बडोद्यात ‘छाप’ ही मुद्राचित्रणाची सामायिक कार्यशाळा उभी राहिली. शिक्षण संपले की विद्यार्थ्याच्या हातून छापयंत्र सुटते. ती अडचण अशा जागेने दूर होते.

आताचे मुक्काम मात्र बहुधा महिना-दोन महिन्यांचे, आणि शेवटी प्रदर्शन ठरलेलेच. भट्टांना प्रॅटमध्ये दोन वर्षे मिळाली होती. पैसे देणाऱ्या संस्थांनी पाहुण्यांची संख्या कमी करून मुदत वाढवावी आणि शेवटच्या प्रदर्शनाची अट काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.