दोन टिकांचा अर्थ नेमका कोण ठरवतं?

मेसेजला तीन टिक आल्या म्हणजे सरकारने तो वाचला, आणि त्यात लाल टिक दिसली तर कारवाई होणार, हा फॉरवर्ड सोलापुरात अजूनही अधूनमधून फिरतो. केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाने तो २०२० मध्येच खोटा ठरवला होता. व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक मुळात नाहीच.

खरा गोंधळ दोन टिकांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखानदार व्यापाऱ्याला भाव पाठवतो, दोन करड्या टिका येतात, आणि ‘बघूनसुद्धा गप्प बसलाय’ म्हणून चिडतो. वास्तविक एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरपर्यंत गेला, दोन म्हणजे समोरच्या फोनवर उतरला, आणि निळ्या झाल्या म्हणजे उघडला. पण व्यापाऱ्याने ‘वाचल्याची पोच’ बंद ठेवली असेल, तर वाचूनही टिका करड्याच राहतात.

एकाच कंपनीचं ॲप असलं की हे अर्थ कंपनी ठरवते. पण ईमेलसारखं खुलं मेसेजिंग हवं असेल, म्हणजे ॲप वेगळं, सर्व्हर वेगळा, तरी बोलणं चालू, तर अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवावे लागतात. प्रोग्रामर जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये ‘जॅबर’ हे असंच खुलं मेसेजिंग जाहीर केलं. त्यातूनच २००४ मध्ये एक्सएमपीपी हे इंटरनेट मानक झालं. त्याचा गाभा लहान आहे, बाकी सोयी क्रमांक दिलेल्या विस्तारांत येतात. मेसेज पोचल्याची पावती विस्तार १८४ मध्ये आहे, दिसल्याची खूण ३३३ मध्ये. समोरच्या ॲपला १८४ येतच नसेल, तर इकडचा माणूस कधीच न येणाऱ्या टिकेची वाट बघत बसणार. म्हणून समोरच्याला काय काय येतं, हे आधी कळायला हवं.

इथे विस्तार ११५ कामाला येतो, आणि मला यातला हाच भाग सर्वात देखणा वाटतो. प्रत्येक ॲप आपल्या सोयींची ठरलेली नावं बाइटच्या क्रमाने लावतं, सुरुवातीला स्वतःची ओळख ठेवतं, प्रत्येक नावानंतर ‘पेक्षा लहान’चं चिन्ह (<) लावून सलग ओळ करतं आणि तिच्यावर एसएचए-१ हे गणित चालवतं. निघते फक्त २८ अक्षरांची खूण. ‘मी ऑनलाइन आहे’ हे कळवताना ॲप अख्खी यादी न पाठवता ही खूण पाठवतं. चादरीच्या ऑर्डरमध्ये अख्खी नक्षी न काढता डिझाइन नंबर लिहितात, तसंच. फरक इतकाच, की हा नंबर कुणी देत नाही, तो यादीतूनच निघतो. ओळखीची खूण असेल तर विचारायची गरज नाही. नवी असेल तर यादी एकदा मागायची, तिच्यावर तेच गणित स्वतः करायचं, आणि उत्तर जुळलं तरच जपून ठेवायची. त्यामुळे खोटी यादी कुणी सहज खपवू शकत नाही. एखाद्या सोयीच्या नावात एक अक्षर चुकलं तरी खूण पूर्ण बदलते. नावं काटेकोर ठरवण्याला एवढं महत्त्व आहे ते यासाठी.

यातही दुबळेपणा निघाला. तेच चिन्ह एखाद्या नावातच घुसवून दोन वेगळ्या याद्यांची ओळ सारखी करता येते. शिवाय २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ खूण असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ दाखवल्या. विस्तार ३९० मध्ये नावं वेगळी करणारी चिन्हं बदलली आणि गणित निवडायची मुभा दिली.

याशिवाय एक्सएमपीपीसाठी किमान सोयींच्या याद्याही प्रसिद्ध होतात. मोबाइल ॲपला, कॉलच्या ॲपला काय यायलाच हवं, ते ‘कोअर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ अशा दोन पातळ्यांवर त्यात लिहिलेलं असतं. २०२५ मध्ये अरट्टाई या भारतीय मेसेजिंग ॲपवर झुंबड उडाली तेव्हा ‘स्वदेशी’वर पुष्कळ चर्चा झाली. माझ्या मते कुठल्याही नव्या ॲपला आधी हे विचारावं, की तुमची सोयींची यादी जाहीर आहे का, आणि दुसऱ्या ॲपवरून तुमच्याकडे मेसेज येतो का? यूपीआयमध्ये एका बँकेच्या ॲपवरून दुसऱ्या बँकेत पैसे जातातच.

यंत्रांचं आपसात ठरलं, तरी पडद्यावर टिक दाखवायची की शब्द, रंग कुठला, हे बहुतेक ॲप बनवणाऱ्यावरच सोडलेलं आहे. सर्व्हरवर गेला, फोनवर उतरला, उघडला, या तिन्हींसाठी कोणती खूण, एवढं प्रत्येक ॲपने आपल्या मदतीच्या पानावर मराठीत लिहायलाच हवं.