समग्र प्रवेशपद्धती (अमेरिकी महाविद्यालये)

समग्र प्रवेशपद्धती : अमेरिकेतील निवडक महाविद्यालये विद्यार्थी निवडताना गुण आणि चाचणीचे निकाल तर पाहतातच; पण निबंध, शिफारसपत्रे, वर्गाबाहेरचे उद्योग, घरची परिस्थिती, स्वभाव आणि महाविद्यालयाची स्वतःची त्या वर्षीची गरज हे सगळे एकत्र ठेवून निर्णय घेतात. या रीतीला तिथे 'होलिस्टिक रिव्ह्यू' म्हणतात. अमेरिकेतल्या बहुतेक महाविद्यालयांत अर्ज करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना प्रवेश मिळतो. ही बारीक चाळणी लागते ती जागांच्या कित्येक पट अर्ज येणाऱ्या थोड्या संस्थांत.

महाराष्ट्रातही अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना किंमत आहे, पण ती गुणांत मोजलेली. चित्रकलेच्या इंटरमिजिएटमध्ये उत्तीर्ण झालात किंवा निकषांत बसणाऱ्या स्पर्धेत खेळलात, की दहावीच्या निकालात ठरलेले वाढीव गुण जमा होतात; पुढे गुणवत्ता यादी आणि कट-ऑफ. अमेरिकेत बासरीवादनाला किती गुण, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. लपवाछपवी म्हणून नव्हे. असा आकडा मुद्दामच ठेवलेला नसतो. तो का नसतो, हे समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांची प्रवेशपरीक्षा होती आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला बहुधा जागा मिळे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले या परीक्षेत चमकू लागली. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास त्यांचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते, ते १९२२ पर्यंत वीस टक्क्यांच्या वर गेले. हार्वर्डचे अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लोवेल यांना हे खुपले. त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांवर मर्यादा घालायचे सुचवले, तेव्हा गदारोळ झाला आणि प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये उघड कोटा नाकारला. आडवाट मात्र निघालीच. अर्जात वडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे आडनाव विचारले जाऊ लागले. जन्मानंतर तुमचे किंवा वडिलांचे नाव बदलले आहे का, असल्यास सविस्तर सांगा, असाही एक प्रश्न होता. आडनाव बदलून अमेरिकी झालेल्या ज्यूंसाठी लावलेला तो सापळा होता. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाच्या जागांवर मर्यादा आली, छायाचित्र मागितले जाऊ लागले आणि 'चारित्र्य' व व्यक्तिमत्त्व यांना वजन आले. ज्यूंचे प्रमाण घसरले, आणि कोटा मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. मुलाखत, शिफारसपत्र, नेतृत्वगुण ही आज उदार वाटणारी सामग्री आली ती अशी, दार बंद करण्यासाठी.

पुढे याच सामग्रीने दार उघडायचेही काम केले. १९६० नंतर कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतल्या मुलांना घेण्यासाठी महाविद्यालयांनी तिचाच आधार घेतला. १९७८ मध्ये बाकी (Bakke) आडनावाच्या अर्जदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील डेव्हिस वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवणे बेकायदा ठरवले. पण न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहायला हरकत नाही असे म्हटले आणि नमुना म्हणून हार्वर्डच्या पद्धतीकडे बोट दाखवले. बोस्टनच्या मुलापाशी नसलेले काहीतरी आयडाहोतला शेतकऱ्याचा मुलगा घेऊन येतो, हा हार्वर्डचा युक्तिवाद त्या निकालपत्रामुळे गाजला. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे दोन खटले एकाच दिवशी निकालात निघाले. पदवीपूर्व प्रवेशात अल्पसंख्य अर्जदारांना १५० पैकी सरसकट २० गुण दिले जात, ते रद्द झाले. विधी विभागाची आकडा न सांगणारी पद्धत टिकली. कागदावर स्पष्ट लिहिणारा अडकला, मोघम बोलणारा सुटला. आकडा न ठेवण्याची सवय त्यानंतर आणखी पक्की झाली, यात नवल नाही.

फाइल कशी वाचतात. बहुतेक अर्ज 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' या सामाईक अर्जातून येतात. १९७५ मध्ये पंधरा महाविद्यालयांनी तो सुरू केला. आज हजारावर संस्था तो स्वीकारतात. त्यात ६५० शब्दांपर्यंतचा निबंध असतो आणि जास्तीत जास्त दहा उद्योगांची यादी. प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे, म्हणजे जुन्या एसएमएसपेक्षाही कमी. वडिलांच्या किराणा दुकानात रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसणे किंवा आजारी आजीचे पाहणे यालाही यादीत रीतसर स्थान आहे. आपल्याकडची मुले नेमके हेच गाळतात आणि त्या जागी तीन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भरतात.

अर्ज आधी महाविद्यालयाचा, अर्जदाराच्या भूभागाची जबाबदारी असलेला प्रवेश-अधिकारी वाचतो. शाळेने जोडलेल्या माहितीपत्रकावरून तो पाहतो, की तिथे कोणते विषय उपलब्ध होते आणि त्यांतले अवघड या मुलाने घेतले का. आशियाई वंशाच्या अर्जदारांना डावलल्याच्या आरोपावरून हार्वर्डवर २०१८ मध्ये बोस्टनला चाललेल्या खटल्यात हार्वर्डची आतली रीत उघड झाली. अभ्यास, इतर उद्योग, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना १ ते ६ अशी श्रेणी देतात, १ सर्वोत्तम. मग उपसमिती, मग सुमारे चाळीस जणांची पूर्ण समिती आणि मतदान. शेवटी जागांपेक्षा नावे जास्त झाली तर पुन्हा कात्री लागते. गुणांवर का भागत नाही, तेही त्याच खटल्यात दिसले. एका वर्षी देशांतर्गत सुमारे २६ हजार अर्जदारांपैकी आठ हजारांहून अधिक जणांची शालेय सरासरी पैकीच्या पैकी होती. प्रवेश द्यायचा होता दोन हजारांच्या आसपास.

यापुढचा भाग अर्जदाराच्या हातात नसतो. महाविद्यालयाला आपला 'क्लास', म्हणजे त्या वर्षीची तुकडी, जमवायचा असतो. नौकानयनाच्या संघात जागा रिकामी आहे, वाद्यवृंदात ओबो वाजवणारे कोणी उरलेले नाही, ग्रीक-लॅटिन विभागाला विद्यार्थी हवेत. शिवाय माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांच्या ओळखीतली, प्राध्यापकांची. खटल्यात आलेल्या आकडेवारीच्या एका अभ्यासानुसार हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गौरवर्णीयांपैकी ४३ टक्के खेळाडू किंवा अशा वशिल्याच्या गटांतले होते. वशिला हा शब्द इथे कडक वाटेल, पण दुसरा नेमका शब्द सापडत नाही. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देत नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्टने ती प्रथा सोडली. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी महाविद्यालयांनाही कायद्याने मनाई केली.

मोघमपणाचा गैरफायदा घेणारेही निघाले. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या 'व्हर्सिटी ब्लूज' प्रकरणात रिक सिंगर या सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन प्रशिक्षकांना लाच दिली आणि कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवले. दुसरी तक्रार आशियाई वंशाच्या अर्जदारांची, त्यांत भारतीयही आले. अभ्यासात ते पुढे असत, पण व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत त्यांची सरासरी खाली दिसे. बोस्टनचा तो खटला याच तक्रारीचा. त्यात जिल्हा न्यायाधीशांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या बाजूने निकाल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून प्रवेशात वंश पाहणेच बेकायदा ठरवले. मात्र वंशामुळे आयुष्यात काय सोसले, हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी नमूद केले. त्यानंतरच्या पहिल्या तुकडीत एमआयटीमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण आधीच्या सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. कोविडकाळात ऐच्छिक झालेली सॅट किंवा तत्सम प्रवेशचाचणी एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. डार्टमथ, येल, हार्वर्ड मागाहून त्याच वाटेने गेले.

महाराष्ट्रातून अर्ज करताना. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत फी भरण्याची ऐपतही बहुतेक ठिकाणी निर्णयात मोजली जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा थोड्याच संस्था ती पाहत नाहीत. कोणती संस्था कशाला वजन देते, याचा ढोबळ तक्ता 'कॉमन डेटा सेट' या वार्षिक माहितीपत्रात अनेक महाविद्यालये छापतात. महागड्या सल्लागाराकडे जाण्याआधी तो फुकट वाचावा. आपल्या शाळांत समुपदेशक क्वचितच असतो, म्हणून शिफारसपत्र वर्गशिक्षक किंवा मुख्याध्यापकांकडे येते आणि दाखल्याच्या भाषेत उतरते : 'सदर विद्यार्थिनी आज्ञाधारक, कष्टाळू व सुशील आहे.' समितीच्या टेबलावर या वाक्याचा काही उपयोग नसतो. टायट्रेशनचे उत्तर जुळेना तेव्हा तिने आठवडाभर मधल्या सुट्ट्या प्रयोगशाळेत घालवल्या आणि शेवटी ब्युरेटची तोटी गळते हे शोधून काढले, असे बाईंनी लिहिले तर वाचणारा अधिकारी तिथे थांबतो आणि समासात खूण करतो.