व्याप्त, कब्जा की लष्करी अंमल? वेस्ट बँकेच्या माहितीपटांची पार्श्वभूमी

वेस्ट बँक म्हणजे १९६७ च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यात असलेला पॅलेस्टिनी मुलूख. तिथल्या खेड्यांचे माहितीपट आता आपल्याकडेही शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून दाखवले जातात. बोलायला उभं राहिलं की पहिली अडचण ‘ऑक्युपेशन’साठी मराठी शब्दाची येते. वर्तमानपत्रं ‘व्याप्त प्रदेश’ छापतात, पण बोलण्यात तो शब्द कुणाच्याच तोंडी नाही. ‘कब्जा’ म्हटलं की विदर्भातल्या शेतकऱ्याला धुऱ्याचं भांडण आठवतं. ‘अतिक्रमण’ म्हटलं की झुडपी जंगलात वाहिती करणारा गरीब माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणजे दोष उलट त्याच्याच माथी. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार’ तर हक्काचा धारक. युद्धाबाबतच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांत ‘व्याप्त’चा अर्थ स्पष्ट आहे : शत्रूसैन्याच्या प्रत्यक्ष अंमलाखाली गेलेला मुलूख. त्यात शेताचा रस्ता आला, विहीर आली, रात्री दार कोण ठोठावतं तेही आलं. म्हणून मी ‘लष्करी अंमल’ म्हणतो. इस्रायल सरकार त्या भूमीला ‘वादग्रस्त’ म्हणतं. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिथली त्याची उपस्थितीच बेकायदा ठरवली.

१९६७ नंतर बरीच वर्षं चित्रीकरणाला बाहेरचीच माणसं येत. पुढे हातात मावणारे व्हिडिओ कॅमेरे आले. २००७ पासून एका मानवी हक्क संघटनेने ते गावकऱ्यांच्याच हाती दिले. कॅमेरा म्हणजे आपला आपण केलेला पंचनामा. त्याची गरजही तशीच होती : तुर्की अमलातल्या १८५८ च्या जमीन कायद्याचा आधार घेऊन पडीक जमिनी सरकारजमा होत होत्या. पडीक जमिनीचं दुखणं आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एका शेतकऱ्याने २००५ मध्ये चौथा मुलगा झाला म्हणून कॅमेरा घेतला. बाळाचं रांगणं टिपता टिपता जैतुनाच्या शेतातून जाणारं इस्रायलचं कुंपण, मोर्चे, अश्रुधूर असं सगळंच त्यात येत गेलं. पाच वर्षांत त्याचे पाच कॅमेरे फुटले. एकात गोळी अडकली. कुंपण सरकवा, असा निकाल इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. प्रत्यक्षात ते सरकलं २०११ मध्ये.

वेस्ट बँकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरातली मसाफेर यत्ताची गावं १९८० च्या दशकात इस्रायली सैन्याच्या सरावाचं गोळीबार क्षेत्र ठरवली गेली. २०२२ मध्ये त्याच कोर्टाने तिथल्या लोकांना उठवायला वाट मोकळी केली. तिथल्या माहितीपटाला २०२५ चं ऑस्कर मिळालं. त्याच्या कामात हातभार लावलेला एक गावशिक्षक त्याच वर्षी जुलैत गोळी लागून गेला. गोळी लागली त्या क्षणी तो स्वतः चित्रण करत होता.