तीळ नसलेला तिळगूळ

संक्रांतीच्या आदल्या रात्री दादरला मावशीकडे लाडू वळायला बसलो होतो. पाक गोळीबंद झाला, तीळ-दाणे पडले, आणि मग हात भाजत असले तरी थांबायची सोय नव्हती. शेवटी कढईच्या कडेचा पाक खरवडून मावशीने त्याचाही एक लाडू वळला. "हा घे, बिनतिळाचा!"

असाच एक बिनतिळाचा लाडू पदार्थवैज्ञानिक पन्नासेक वर्षं शोधताहेत. त्याला म्हणतात ग्लूबॉल.

प्रोटॉनमधले क्वार्क म्हणजे तीळ, आणि त्यांना धरून ठेवणारा पाक म्हणजे ग्लुऑन. (नाव डिंकावरून आलंय, तरी डिंकाच्या लाडवाचा दाखला देत नाही. त्यात डिंक तळून फुलवतात. चिकटवायचं काम गुळाचंच.) १९७९ साली हॅम्बुर्गच्या डेसी प्रयोगशाळेत ग्लुऑनचा पुरावा मिळाला.

दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर सोडले तर आरपार निघून जातात, कारण प्रकाशकणांवर विद्युतभार नसतो. ग्लुऑनवर मात्र तीव्र बलाचा (क्वार्कना बांधणाऱ्या बलाचा) 'रंगभार' असतो, म्हणून ते क्वार्कना धरतात तसे एकमेकांनाही धरतात. मग क्वार्क नसताना नुसत्या ग्लुऑनचा गोळा का होऊ नये? १९७२ मध्ये हाराल्ड फ्रिट्झ्श आणि मरे गेल-मान या भौतिकशास्त्रज्ञांनी ही शक्यता मांडली. गंमत अशी की ग्लुऑनचं वस्तुमान शून्य, पण गोळ्याचं भरघोस. ते सगळं आतल्या ऊर्जेतून येतं.

किती भरघोस, हे कागदावर सुटत नाही. अवकाश आणि काळाची चौकटीच्या वहीसारखी जाळी करून महासंगणकावर गणित मांडावं लागतं. आपल्या कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरातल्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) या जाळीच्या गणितावर काम चालतं. अशा गणितांतून सर्वांत हलका ग्लूबॉल प्रोटॉनच्या साधारण पावणेदोनपट निघतो.

मग सापडत का नाही? मावशीचा तो लाडू मी फोडला तर आत चार तीळ निघाले. खरी अडचण हीच. त्याच वजनाच्या आसपास क्वार्कचे साधे कणही असतात, आणि गुणधर्म सारखे असले की क्वांटम नियमांनुसार दोघांची सरमिसळ होते. एफ-शून्य १५०० आणि एफ-शून्य १७१० हे दोन कण जुने उमेदवार. कोणात पाक जास्त, यावर अजून वाद आहे.

सध्या चर्चा आहे ती एक्स २३७० या कणाची. बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगात सुमारे १,००० कोटी जे-साय कण तयार केले गेले. जे-सायमधले क्वार्क आणि प्रतिक्वार्क (क्वार्कचा उलट भाराचा जुळा) एकमेकांना संपवतात तेव्हा काही वेळा एक प्रकाशकण आणि दोन ग्लुऑन उरतात. म्हणजे कढईत पाकच पाक. एक्स २३७० तिथे २०११ मध्येच दिसला होता. २०२४ मध्ये त्याचं स्पिन (अंगभूत फिरकी) शून्य आणि पॅरिटी (आरशातल्यासारखं उलटवल्यावर चिन्ह बदलतं का, याची खूण) ऋण असल्याचं ठरलं, वस्तुमान प्रोटॉनच्या अडीचपट भरलं. दोन्ही गोष्टी सर्वांत हलक्या नव्हे, पण त्याहून जड अशा एका ग्लूबॉलच्या गणिताशी जुळतात. 'ग्लूबॉल सापडला' असे मथळे लगेच झळकले. मला ते घाईचे वाटतात. ग्लुऑनवर विद्युतभार नसल्यामुळे खरा ग्लूबॉल फुटून दोन प्रकाशकण देईल ते अगदी क्वचित. एक्स २३७० ते किती वेळा देतो, हे आधी मोजायला हवं.