मोफत डायलिसिससाठी नाव नोंदवताय? कावीळ आणि एचआयव्हीचे रिपोर्ट आधी काढा

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत मिळतं. रेशन कार्ड, रुग्णाचं आधार कार्ड, नेफ्रोलॉजिस्टची (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची) चिठ्ठी, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला भेटा. नोंदणी तो करतो, मंजुरीची फाइल रुग्णालय ऑनलाइन पाठवतं. दोन्ही कार्डांवरचं नाव जुळतं का, तेवढं घरीच बघून निघा. अडलं तर हेल्पलाइन १५५३८८.

खोळंबा होतो तो रक्ताच्या तीन रिपोर्टांपाशी: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी (या दोन्ही विषाणूंमुळे होणाऱ्या काविळी) आणि एचआयव्ही. ते पाहिल्याशिवाय सेंटर मशीन ठरवत नाही, आणि ते बरोबरच आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचं मशीन वेगळंच हवं. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका. हिपॅटायटिस बी आणि सीची औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर त्याची लस लगेच सुरू करा. डायलिसिसच्या रुग्णाला साधारणपणे दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅमचा डोस देतात: आज, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची. आकडा १० च्या खाली असेल तर डॉक्टर पुन्हा डोस देतात. खरं तर डायलिसिस लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात लस टोचून घ्यावी. मूत्रपिंडं जितकी थकतात तितका लसीचा परिणाम कमी होतो.

फिस्टुलाचंही तेच. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा. ती तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्या. फिस्टुला नसेल तर मानेत कॅथेटर (नळी) घालतात, आणि त्यातून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. कॅथेटर असेलच तर नळी जोडताना-काढताना तुम्हीही मास्क लावा, सिस्टरांनी नवे ग्लोव्हज घातले का ते बघा, नसतील तर न संकोचता सांगा. अंघोळीत ड्रेसिंग भिजू देऊ नका. फिस्टुलाचा हात सुई टोचण्यापूर्वी साबणाने धुवा. थंडी वाजून ताप आला तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी सेंटर गाठा.

लग्नकार्याला गावी गेलात तर तिथलं सेंटर ताजे रिपोर्ट मागेल. लसीचं कार्ड आणि रिपोर्टांच्या झेरॉक्स फाइलमध्येच ठेवा.