शाळकरी मुलं आणि जगण्याचा अर्थ : व्हिएन्नातली सुरुवात

एप्रिल १९१० मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉईड यांच्या व्हिएन्नातल्या मंडळात एका विषयावर चर्चा झाली : शाळकरी मुलांच्या आत्महत्या. दोष शाळांवर येत होता. फ्रॉईड यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, मुलांना मरणाकडे ढकललं नाही एवढ्यावर शाळेनं समाधान मानू नये. घरापासून सुटं होण्याच्या त्या वयात शाळेनं त्यांना आधार द्यावा, जगावंसं वाटायला लावावं. शंभर वर्षं उलटून गेली तरी ही अपेक्षा जुनी झालेली नाही.

पुढचा धागा व्हिएन्नातलेच मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्याकडे जातो. त्यांचं नाव निघालं की आउशवित्झ ही नाझींची छळछावणी आठवते, जिच्यातून ते वाचले; पण जगण्याच्या अर्थाचा विचार ते छळछावणीत जाण्याच्या कितीतरी आधी करू लागले होते. ते तेरा-चौदा वर्षांचे असताना विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगितलं की, जीवन म्हणजे शेवटी एक ज्वलनक्रिया, दुसरं काही नाही. फ्रँकल उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, 'मग आयुष्याला अर्थ काय?' हा प्रसंग पुढे ते स्वतःच सांगत. या वयातली मुलं असे प्रश्न विचारतातच. मोठी माणसं बहुतेक वेळा ते हसण्यावारी नेतात.

१९२८ च्या सुमारास, वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच, फ्रँकल यांनी व्हिएन्नात तरुणांसाठी मोफत सल्ला केंद्रं सुरू केली. मानसशास्त्रज्ञ शार्लोट ब्यूलर यांच्यासारखी नामवंत मंडळीही या कामात होती. १९३० मध्ये शालेय वर्षअखेरीला प्रगतिपुस्तकं हातात पडण्याच्या दिवसांत खास मोहीम राबवली गेली, कारण धोका तेव्हाच वाढतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यानंतरच्या वर्षी शहरात एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या झाली नाही, असं फ्रँकल यांनी नमूद केलं आहे. याचं सगळं श्रेय मोहिमेला द्यावं की नाही यावर वाद घालता येईल. वेळेची निवड मात्र अचूक होती.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते बेकार तरुणांबरोबरचं त्यांचं काम. महामंदीचे दिवस होते. काम नाही म्हणजे आपला कुणाला उपयोग नाही, आणि उपयोग नाही म्हणजे जगण्यात अर्थ नाही, अशी गाठ या मुलांच्या मनात बसली होती. फ्रँकल यांनी त्यांना वाचनालयात, युवक संघटनांत बिनपगारी कामाला लावलं. पोट रिकामंच राहिलं, पण अनेकांचं नैराश्य ओसरलं.

नाझी राजवट, १९४२ मधली हद्दपारी आणि छावण्या हा पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे.

माणसाला जगण्यात किती अर्थ वाटतो हे मोजायची खटपट नंतर सुरू झाली. १९६४ मध्ये अमेरिकेत क्रंबॉ आणि माहोलिक या संशोधकांनी वीस प्रश्नांची चाचणी आणली. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी दहा विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात अर्थ 'गवसलेला असणं' आणि अर्थ 'शोधत असणं' या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. हा फरक महत्त्वाचा आहे. गवसल्याची भावना आणि कमी नैराश्य यांची संगत अनेक अभ्यासांत दिसते. शोधाचं चित्र संमिश्र आहे, आणि तरुण वयात शोधच जास्त असतो. म्हणून 'कशासाठी जगायचं?' असं विचारणारा मुलगा आजारीच आहे असं समजू नये, पण त्याला एकटंही सोडू नये.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. दहावी-बारावीच्या निकालाआधी हा क्रमांक प्रत्येक मुलाकडे असायला हवा. गुणपत्रिकेवरच छापला तर उत्तम.