आकडा सांगता, तास का नाही सांगत?

जुलै उजाडला की ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. माळशेजचा धबधबा, वाऱ्याने उलटं उडणारं पाणी आणि खाली ओळ: ‘घाटात ढगफुटी!’ संध्याकाळी टीव्हीवरही तेच, फक्त लाल अक्षरांत. पाऊस खरा असतो, धो धो असतो, पण त्याला ढगफुटी म्हणायला कुणी काही मोजलेलं नसतं. घाटाचा पाऊस आणि ढगफुटी यांची ही खिचडी दरवर्षी शिजते, आणि दरवर्षी तितकीच कच्ची राहते.

घाटाचा पाऊस आपल्याला पाठ आहे. प्रतिरोध पाऊस शाळेच्या भूगोलात आकृतीसकट होता: समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीवर चढते, थंड होते, पश्चिम उतारावर पाऊस पडतो, पूर्वेला पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तिथून तासाभराच्या वाटेवर वाईला हजाराच्याही आत. एवढं पुरे. फक्त ‘ढग डोंगरावर आदळून फुटतात’ हे वाक्य कृपा करून सोडा. ढग आदळत नाही, हवा वर ढकलली जाते. वर जाताना ती किलोमीटरमागे सुमारे 10 अंशांनी गार होते, आणि बाष्पाचे थेंब होऊ लागले की हा वेग निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय ही ढकलाढकली कड्याला भिडल्यावर सुरू होते असंही नाही. हवामान खात्यातले आर. पी. सरकार यांनी 1966 मध्ये मुंबई-पुणे अशा आडव्या छेदावर याचं गणित मांडलं. त्यात पाऊस चढाबरोबर वाढत जातो, माथ्याच्या जरा अलीकडेच कळस गाठतो आणि पलीकडे धाडकन उतरतो.

आता ढगफुटी. हवामान खात्याची व्याख्या सरळ आहे: साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. म्हणजे मिलिमीटरच्या जोडीला तासही हवा आणि टापूही. बातम्यांत यातला पहिला आकडा येतो, उरलेले दोन गळून पडतात. सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला 24 तासांचा पाऊस नोंदला गेला 594 मिलिमीटर. आकडा बघून छाती दडपते. सावित्रीला महापूर आला, महाड पाण्यात गेलं, तळियेत दरड कोसळली. पण 594 ला 24 ने भागा. सरासरी येते तासाला सुमारे 25 मिलिमीटर. अधूनमधून त्याहून मोठ्या सरी आल्या असतील, पण दिवसभराच्या बेरजेवरून ‘ढगफुटी’ असा शिक्का मारता येत नाही. ती बेरीज म्हणजे सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत पर्जन्यमापकात साठलेलं पाणी. पाणी सावकाश साठलं की तासाभरात, हे ती बेरीज सांगतच नाही. करंगळीएवढी धार रात्रभर सोडून ठेवली तरी सकाळी पिंप भरलेलंच मिळतं.

याच्या शेजारी 26 जुलै 2005 ठेवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, हा आकडा मुंबई-ठाण्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आकडा दुसराच: त्या दुपारी तिथे एका तासात 190 मिलिमीटर पडले. आणि त्याच 24 तासांत कुलाब्याला किती? अवघे 73. एकाच शहरात हा फरक! व्याख्येत बसणारी ढगफुटी हवी असेल तर ती ही, आणि ती कुठल्याही घाटात नाही, विमानतळाच्या सपाटीवर झाली. डोंगराशिवाय ढगफुटी होत नाही असं मानणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे जरा बघावं.

तासाला 100 मिलिमीटर म्हणजे 25 चौरस किलोमीटरवर एका तासात 250 कोटी लिटर पाणी. त्यासाठी बारा-पंधरा किलोमीटर उंच चढलेला गडगडाटी ढग लागतो, आणि तो एका जागी अडकूनही पडावा लागतो. जुलैतले घाटाचे ढग बहुतेकदा बुटके असतात. त्यांतले पुष्कळसे गोठणरेषेच्या (जिथे तापमान शून्यावर येतं ती उंची, सुमारे पाचेक किलोमीटर) फारसे वर जात नाहीत. थेंब थेंबाला भिडून मोठा होतो, बर्फाची गरज पडत नाही, म्हणून थेंब तुलनेने लहान आणि गडगडाट नावापुरता. महाबळेश्वरला हे ढग जमिनीला टेकतात. पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, ढगांची प्रयोगशाळा तिथे थाटली त्यामागे ही सोय आहे.

या बुटकेपणामुळे रडारही फसतं. रडारचा किरण लांब जाईल तसा जमिनीपासून उंच होत जातो. कुलाब्याहून माळशेजपर्यंत पोचेतो तो दीडेक किलोमीटर वर असतो, आणि घाटाचा पाऊस त्याच्या खालच्या थरातच जोर धरतो. म्हणून मोबाइलवर रडारचं चित्र फिकट हिरवं दिसतं आणि घाटात मात्र छत्री उलटी होत असते. उलट गडगडाटी ढग त्याच चित्रात लालजांभळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. चित्र हिरवं म्हणून ट्रेकला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग डोंगराचा ढगफुटीशी संबंध नाही? आहे, पण काम वेगळं. घाटाच्या पावसात डोंगर तासन्‌तास हवा उचलत राहतो, वारा थांबला की पाऊसही ओसरतो. ढगफुटीत डोंगर फक्त ठिणगी टाकतो, पुढचं इंधन हवेतल्या अस्थिरतेचं असतं, म्हणजे खालची उबदार, दमट हवा आपणहून वर उसळत राहते. ऑक्टोबरात दुपारी तापलेल्या घाटावर उठलेले ढग संध्याकाळी पूर्वेकडून ठाण्यावर, पारसिकच्या डोंगराच्या बाजूने कडाडत येतात, ते याच जातीचे. लडाखमधल्या लेहमध्ये ऑगस्ट 2010 मध्ये ढगफुटीने एका रात्रीत हाहाकार उडाला, आणि विमानतळावरच्या मापकात सापडले जेमतेम 13 मिलिमीटर. टापू इतका छोटा की मापक बाजूलाच राहिला. म्हणूनच ‘मापकात नाही, म्हणजे ढगफुटी नव्हतीच’ हेही तितकंच चूक.

ढगफुटी नाही म्हणून घाटाच्या पावसाने नुकसान कमी होतं, असं यात काही नाही. तो उपकार करतो तसा घातही करतो. नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण भरतं ते माथेरानच्या पायथ्याच्या आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या पावसाने. आणि 2023 च्या जुलैत त्याच मुलखात इर्शाळवाडी गाडली गेली, तीही काही दिवस संततधार झाल्यावर. मुरत गेलेलं पाणी डोंगराची माती सैल करतं, त्यासाठी एका तासाचा कहर लागत नाही.

खरा फरक पडतो तो इशाऱ्यात. पश्चिमेचा जोरदार वारा आणि किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा दिसला की घाटात अतिवृष्टी होणार हे दोन-तीन दिवस आधी सांगता येतं, आणि हवामान खातं सांगतंही. ढगफुटी नेमकी कुठल्या नाल्यावर, हे जगात कुणीही दोन दिवस आधी सांगत नाही. रडारवर ढग उभा राहताना दिसला तर हातात एखाद-दोन तास. तेव्हा ऑरेंज अलर्ट तीन दिवस झळकत असताना ट्रेकला जायचं, अडकायचं आणि ‘अचानक ढगफुटी झाली हो’ म्हणायचं, हे चालणार नाही. आणि अलर्ट वाचताना जिल्ह्याच्या नावापुढचा ‘घाट’ शब्द गाळू नका. ‘पुणे घाट’ला रेड अलर्ट असतो तेव्हा कोथरूडमध्ये ऊन असू शकतं, आणि ‘काहीच पडलं नाही’ म्हणून खात्याची टिंगल करणारा मेसेज बहुधा कोथरूडहूनच आलेला असतो.